हिने घेतलेला पहिला घोट

मी दर शनिवारी संध्याकाळी दोन पेग घेतो. नोकरीत होतो तेव्हाही घ्यायचो, निवृत्त झाल्यावरही घेतो. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत खुर्ची टाकायची, शेजारी स्टुलावर बर्फ, सोडा आणि शेंगदाण्यांची वाटी ठेवायची, समोरच्या बंगल्यातल्या आंब्यावर पोपट येतात ते बघत बसायचं. ही तेव्हा आत बसून शब्दकोडं सोडवते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी दोन-चारदा विचारलं होतं, "थोडी घेतेस का?" तेव्हा तिने नाकाला पदर लावला होता. "मला वासच सहन होत नाही," म्हणाली होती. पुढे मी विचारणं सोडून दिलं. शनिवारी रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपायचं, हे आमच्यात न बोलता ठरून गेलं.

हिने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी सातपूरच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवायचो. ही रिटायर झाली आणि तिच्या एम.एस्सी.च्या वर्गाने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या ओळखीची नसलेली माणसं वावरू लागली. जेवताना ही मध्येच हसायची. मी विचारलं की सांगायची, "काही नाही, तुम्हाला नाही कळायचं. प्रॅक्टिकलची गंमत आहे." त्या माणसांत एक होता स्कॉटलंडमधला. तिकडे एका संशोधन संस्थेत त्याने जन्मभर जवाच्या जाती तयार केल्या होत्या. जव म्हणजे आपलं सातू. आम्ही त्याला घरात 'सातूवाला' म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचो, ही नाही.

तो जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला नाशिकला आला आणि त्याने फोन केला की एक संध्याकाळ तुमच्याकडे येतो. ही म्हणाली, "जेवायलाच ये." मग दोन दिवस आमच्याकडे दिवाळी असल्यासारखी आवराआवर चालली. हिने पंचवटीच्या बाजारातून स्वतः जाऊन कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या. एरवी ती खालच्या हातगाडीवरून घेते. हॉलमधले पडदे धुतले. मी कारखान्याच्या क्रिकेट स्पर्धेत मिळालेला टी-शर्ट घालून बसलो होतो, तो तिने बदलायला लावला. "शर्ट घाला ना एखादा. निळा घाला," म्हणाली. मी निळा घातला. पण मनात आलं, मी कोणता शर्ट घालावा याबद्दल हिने शेवटचं मत दिलं त्याला किती वर्षं झाली असतील?

तो लिफ्टने न येता जिना चढून आला. उंच, सडसडीत, पोट अजिबात नाही, केस पांढरे पण भरपूर. दारातच त्याने हिला हाक मारली. हिच्या नावाने नाही. वर्गातल्या मुली हिला एका नावाने चिडवायच्या, त्या नावाने. ते नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही. ही लाजली. हिच्या चेहऱ्यावर तसं काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अरे, केवढा बारीक झालास तू," ही म्हणाली.

मला ही आजवर 'अहो' म्हणत आली आहे. मला ते आवडतही आलंय. पण त्या संध्याकाळी हॉलमध्ये तिच्या 'अरे'मागून 'अहो' ऐकू आलं की मला वाटायचं, आपण या घरातले साहेब आहोत आणि तो तिच्या घरचा माणूस आहे. "अरे, तू बस ना. अहो, तो पंखा जरा कमी करता का?"

माझ्याशी तो अतिशय नीट बोलला. ट्रान्सफॉर्मरबद्दल प्रश्न विचारले, उत्तरं लक्ष देऊन ऐकली. त्याची बायको तिकडचीच, शाळेत शिकवते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून या वेळी आली नाही, हे सांगितलं. त्याच्यात नावं ठेवण्यासारखं मला काहीच सापडेना, याचाच मला जास्त राग येत होता.

मग त्याने पिशवीतून लाकडी खोकं काढलं. आत बाटली होती. सिंगल माल्ट, म्हणजे सातूचीच व्हिस्की, पस्तीस वर्षं पिंपात ठेवलेली. तो निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिली होती आणि त्याने ती फोडली नव्हती.

"बाटलीवर पिंप भरल्याचं साल आहे," तो हिला म्हणाला. "बघ कोणतं आहे."

हिने चष्मा लावून वाचलं. मग म्हणाली, "आपलं शेवटचं वर्ष."

"म्हणून तर आणली. तिकडे कुणाबरोबर फोडणार?"

मी उठून आत गेलो आणि बर्फाचा ट्रे घेऊन आलो. सोडा आणला, माझे जाड बुडाचे ग्लास आणले. हे खातं तरी माझं होतं. दारूबद्दल या घरात कुणाला काही कळत असेल तर मला, असं मी धरून चाललो होतो. त्याने माझ्या ट्रेकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "बर्फ नंतर बघू या का? आधी नुसती घेऊन बघा." त्याने सोबत छोटे ग्लास आणले होते. खाली गोल, वर तोंडाशी निमुळते, फुलाच्या कळीसारखे. रुमालात गुंडाळून आणलेले तीन ग्लास. तीन कशाला, असं मला वाटलं.

त्याने प्रत्येकात अगदी थोडी ओतली. रंग गडद, मनुकांच्या पाण्यासारखा. पिंपात आधी शेरी नावाची स्पॅनिश वाइन होती, मग ते रिकामं करून त्यात व्हिस्की भरली, त्यामुळे असा रंग आला, हे त्याने सांगितलं. लाकडातून दरवर्षी थोडी हवेत उडून जाते, पस्तीस वर्षांत अर्ध्याच्या आसपास पिंप रिकामं होतं, हेही सांगितलं.

"म्हणजे पिंप गळतं," मी म्हणालो.

"तसंच म्हणा," तो म्हणाला. ही माझ्याकडे बघून हसली नाही.

मी घोट घेतला. खरं सांगायचं तर माझ्या नेहमीच्या दारूने घसा जसा जळतो, तसा जळला नाही. तोंडात बराच वेळ काहीतरी रेंगाळत राहिलं. पण ते काय, हे मला सांगता येईना. "छान आहे. स्मूद आहे," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. वर्गातल्या ढ मुलाने चुकीचं का होईना, उत्तर दिल्यावर मास्तर डोलावतात तशी.

तिसरा ग्लास त्याने हिच्यापुढे धरला. मी म्हणालो, "ती घेत नाही. तिला वास सहन होत नाही."

"पिऊ नकोस," तो हिला म्हणाला. "नुसता वास घे आणि मला सांग काय येतंय. तुझं नाक वर्गात सगळ्यांत तीक्ष्ण होतं. डोळे मिटून वनस्पती ओळखायचीस."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांहून जास्त काळ मी या नाकाशेजारी झोपलो आहे.

हिने ग्लास घेतला. तो कसा धरायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिने बुडाशी धरला, हलकेच फिरवला आणि डोळे मिटले. आधी तोंड वाकडं केलं. पुन्हा नाक नेलं. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. मी माझ्या बायकोकडे दुसऱ्या पुरुषाच्या बरोबरीने बघत बसलोय, असा विचार माझ्या मनात आला आणि मी शेंगदाणे खाऊ लागलो.

"मनुका," ही म्हणाली. "शेडमध्ये वाळत घातलेल्या. जुनं कपाट. आणि अजून एक काहीतरी आहे, थांब."

तिने एक छोटा घोट घेतला. मी शेंगदाणा चावायचा थांबलो. तिने तो तोंडात धरला, गिळला, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता.

"मोह," दोघं एकदम म्हणाले.

आणि हसायला लागले. असे हसले की हिला ग्लास खाली ठेवावा लागला. "हरसूल," ती म्हणत होती. "ते अंगण आठवतं तुला? ती फुलं वाळत घातलेली?" तो म्हणत होता, "आणि आपले सर नाकाला रुमाल लावून उभे." शेवटच्या वर्षी त्यांची सहल त्र्यंबकच्या पलीकडे, हरसूलच्या बाजूला गेली होती, तिथल्या आश्रमशाळेत मुक्काम होता, कुणाच्या तरी अंगणात मोहाची फुलं पसरून ठेवली होती. पुढचा अर्धा तास मी त्या अंगणाच्या बाहेर उभा होतो. मी मोहाचं झाड ओळखतो का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं.

मी माझ्या ग्लासात दोन बर्फाचे खडे टाकले. कुणाचं लक्ष गेलं नाही.

जेवण झालं. तो कोथिंबीरवड्यांची तारीफ करत राहिला. निघताना ते तीन ग्लास आणि बाटली त्याने आमच्याकडेच ठेवली. "विमानात नेता येणार नाही," म्हणाला. ती थाप होती, बॅगेत टाकून नेता आली असती. ही त्याला गेटपर्यंत सोडायला गेली. मी वरून बाल्कनीतून पाहत होतो. रिक्षा येईपर्यंत दोघं बोलत उभी होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं.

बाटली काचेच्या कपाटात जाऊन बसली. पुढच्या शनिवारी मी माझी नेहमीची घेऊन बाल्कनीत बसलो. ही दारात आली. "ती घ्या ना. एवढी चांगली आहे."

"नको. मला बर्फ लागतो."

"मग बर्फ घालून घ्या."

"तुझ्या मित्राला वाईट वाटेल."

ती आत गेली. असे बरेच शनिवार गेले. मी बाटलीला हात लावला नाही, पण येता-जाता तिच्यातली पातळी बघायचो. हिने एकटीने घेतली तर नाही ना, हे बघायचो. पातळी तिथेच होती. त्यानेही माझं समाधान होईना. वाटायचं, ही जपून ठेवतेय. तो पुन्हा येईल तेव्हासाठी.

हिचा फोन वाजला की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. एकदा मी तिला विचारलंच. दुपारी आम्ही मेथी निवडत बसलो होतो.

"हरसूलला काय झालं होतं?"

"काय झालं होतं म्हणजे?"

"नुसत्या वासावरून तुम्ही दोघं एवढे हसलात."

तिने मेथीची काडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, कदाचित निळ्या शर्टापासूनच. "तुम्हाला मोहाचा वास माहीत नाही," ती म्हणाली. "होळीनंतर फुलं पडायला लागतील. जाऊ आपण. तिथेच सांगते."

होळी झाली. एका सकाळी उजाडायच्या आत आम्ही गाडी काढली. त्र्यंबकच्या पुढे रस्ता वळणावळणाचा होत गेला आणि हिने काच खाली केली. हरसूलच्या थोडं अलीकडे तिने मला थांबायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला एक मोठं झाड होतं, पानं जवळजवळ झडलेली. खाली जमिनीवर फिकट पिवळट, मोत्यांसारखी गोल फुलं पडली होती. एक म्हातारी बाई वाकून टोपलीत वेचत होती. हिने तिला विचारून चार फुलं उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी वास घेतला. गोड होता, पण त्यात काहीतरी जनावरासारखं, उग्र होतं. गोठ्यात कुणी गूळ सांडला असावा तसं. मी खूप प्रयत्न केला, पण त्या संध्याकाळच्या ग्लासाशी मला त्याचा संबंध लावता येईना.

"खाऊन बघा," म्हातारी म्हणाली. "गोड हाय."

खाल्लं. गोड होतं.

आम्ही गाडीच्या बॉनेटला टेकून थर्मासमधला चहा प्यायलो आणि तेव्हा हिने सांगितलं.

"त्याने मला विचारलं होतं. इथेच, त्या सहलीत. लग्नाचं."

मला हेच ऐकायचं होतं आणि हेच ऐकायचं नव्हतं. "मग?"

"मी नाही म्हटलं."

"का? आवडत नव्हता?"

माझ्यासाठी तिला खोटं बोलता आलं असतं. मीही ते चालवून घेतलं असतं. "आवडायचा," ती म्हणाली. "पण त्याला बाहेर जायचं होतं, ते तेव्हाच ठरलेलं होतं. मला नव्हतं जायचं. आई एकटी होती. आणि मला इथलं सोडवत नव्हतं. ही झाडं वगैरे."

"आणि मी?"

"तुम्ही सातपूरला होता. नाशिक सोडावं लागणार नव्हतं."

मी चहाचा कप बॉनेटवर ठेवला. बायको आपल्याला हो का म्हणाली, याची कारणं मी कधी मोजून बघितली नव्हती. पण कधी बघितलीच असती तर त्यात सातपूरचा नंबर पहिला लागेल असं मला वाटलं नसतं. एका माणसाला ती आवडत असूनही नाही म्हणाली आणि दुसऱ्याला त्याचा कारखाना जवळ होता म्हणून हो म्हणाली.

"ते तेव्हाचं सांगतेय," माझा चेहरा बघून ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. एवढी वर्षं काय मी सातपूरसाठी राहिले?"

परत येताना मी गाडी चालवत होतो. ती झाडं दाखवत होती, नावं सांगत होती. पळस, काटेसावर, पांगारा. मी ऐकत होतो. त्याने तिला कुठल्या झाडाखाली विचारलं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात होता. तिला विचारलं असतं तर तिने तेही सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

त्या शनिवारी मी बाल्कनीत बसलो तर ही बाहेर आली. तिच्या हातात ती बाटली आणि त्याने ठेवलेल्या छोट्या ग्लासांपैकी दोन होते. तिने स्वतःसाठी खुर्ची ओढली. शेंगदाण्यांची वाटी सरकवून जागा केली आणि दोन्ही ग्लासांत थोडी थोडी ओतली.

"आता तरी मोह येतोय का बघा."

मी वास घेतला. "नाही येत."

"मग काय येतंय?"

"दारूचा वास येतोय."

"नीट घ्या. घाई नका करू."

मी पुन्हा नाक नेलं. डोळे मिटायला लाज वाटत होती, समोरच्या बंगल्यातलं कुणीतरी गच्चीवर होतं. तरी मिटले. आधी नुसती झिणझिण. मग त्याच्या खालून हळूहळू एक वास वर आला, आणि तो इतका ओळखीचा होता की मी ग्लास लांब धरून पाहिला.

"हसू नकोस," मी म्हणालो. "वार्निश."

"कसलं वार्निश?"

"आमचं. कॉइल वार्निशमध्ये बुडवून भट्टीत घालायचो. भट्टीचं दार उघडलं की येणारा वास. गरम, गोडसर. पहिल्या महिन्यात डोकं दुखायचं त्याने. नंतर तोच आवडायला लागला. पहिल्या पाळीला गेटमधून आत गेलं आणि तो वास आला की कळायचं, भट्टी चालू आहे, काम सुरळीत आहे."

हिने आपला ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ वास घेतला. "मला नाही येत," ती म्हणाली.

"तुला कसा येणार? तू कधी आली होतीस आमच्या कारखान्यात?"

"तुम्ही कधी नेलंत?"

खरं होतं. वर्षातून एकदा घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस असायचा. मी तिला कधी नेलं नाही. तिला कंटाळा येईल असं मीच ठरवून टाकलं होतं.

"अजून सांगा," ती म्हणाली. "भट्टी केवढी असायची?"

मी सांगू लागलो. भट्टी केवढी, कॉइल कशी गुंडाळतात, तांब्याच्या तारेवर कागद कसा चढवतात, तेल भरायच्या आधी आतली हवा कशी ओढून काढतात. ती प्रश्न विचारत होती. अधूनमधून ग्लास नाकाशी नेऊन बघत होती, सापडतंय का. तिला ते सापडत नव्हतं आणि तिच्या कपाळावर आठी पडत होती. मी कबूल करतो, ती आठी बघून मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन शनिवार असेच गेले. ही बाहेर येऊन बसते, बोटभर घेते, मी नेहमीची घेतली तरी तिचा वास घेऊन बघते आणि नाक मुरडते. "ही तुमची नुसती स्पिरिटसारखी लागते," म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही.

परवा त्याचा फोन आला. ही स्वयंपाकघरात होती, तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता. पुढच्या हिवाळ्यात तो येणार आहे, या वेळी बायकोला घेऊन. गुडघा बरा आहे आता. "हॉटेलात कशाला? आमच्याकडेच उतरा," ही म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं. आमच्याकडे एक खोली रिकामी असते, नाही म्हणायला मला कारण नव्हतं. शिवाय त्याची बायको येणार होती. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की तिच्याशी आपण भरपूर गप्पा मारायच्या.

तेवढ्यात ही त्याला म्हणाली, "अरे, यांना त्यात काय सापडलं माहितीये? वार्निश. ट्रान्सफॉर्मरचं."

तो म्हणाला, "अगदी बरोबर. जुन्या माल्टमध्ये येतो तसा वास. मला कसा नाही सुचला? त्यांना दे ना फोन."

मी हातानेच खूण केली, मी बाथरूममध्ये आहे म्हणून सांग. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, ही त्याला भट्टीबद्दल सांगत होती, कॉइलबद्दल, मी सांगितलं होतं त्याच शब्दांत. ते त्याला सांगायची काही गरज नव्हती.